टेकाडावरची हवा

१२ मार्च
आज नव्या पाणी योजनेची मोटर सुरू केली. नारळ फोडला, पेढे वाटले, टाळ्या झाल्या — आणि वरच्या वस्तीच्या टाकीत थेंब नाही!

पाणी समितीची अध्यक्ष मी. सगळे माझ्याकडेच बघत होते. पाइपलाइन टाकणारे देवमनभाऊ लगेच म्हणाले, "मोटर लहान पडून राह्यली. मोठी मागवा." मोठी मोटर म्हणजे पुन्हा मंजुरी. म्हणजे हाही उन्हाळा डोक्यावर पाण्याची गुंड!

१३ मार्च
रडले नाही. रडणार होते.

१४ मार्च
सकाळीच मामाजी, माझे सासरे, ओट्यावरून — "निकिता, मोटरच्या कागदावर सही करून दे. कायले डोकं खपवून राह्यली?"

नाही केली. पाणी नेमकं कुठं अडतं ते आधी बघायचं! देवमनभाऊ कुरकुरले, पण पाना घेऊन आले. विहिरीपासून एकेक जोड सैल करत निघालो. नाल्यापाशी पाणी. बाभळीपाशी पाणी. टेकाडाच्या चढावर तर असं उसळलं की माझी नणंद राखी नखशिखांत भिजली. टेकाड उतरलो — कोरडं!

मागे वळून टेकाडाकडे बघितलं. टाकी टेकाडापेक्षा खाली. पाणी टेकाड चढतंय. मग मोटर लहान कशी?

"भाऊ, टेकाडाच्या माथ्यावरचा जोड खोला बरं."
"तिथं काय हाय?"
"खोला तर!"

फुस्स! हवा. कितीतरी वेळ नुसती हवा. आणि मग पाणी! देवमनभाऊंनी कपाळाला हात लावला — "हवा अडकली होती ताई! माह्या ध्यानातच नाही आलं." मग आम्ही तिघंही चिखलात उभं राहून हसत सुटलो.

१७ मार्च
मंगरूळपीरहून अडकलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणला. देवमनभाऊंनी माथ्यावर बसवला. मोटर तीच.

टाकी भरली! ओसंडली! सासूबाई टाकीला कान लावून उभ्या — "आवाज ऐक व माय, आवाज!" मामाजी ओंजळभर पाणी प्यायले. म्हणाले, "गोड हाय." बस्स, एवढंच. पण माझ्याकडे बघून म्हणाले.

२१ मार्च
योजनेचे इंजिनिअर दौलतसिंग साहेबांचा फोन. "आणखी चार गावांत कामं अडलीत. देखरेखीला याल? पगारी काम आहे. सोमवारी गाडी पाठवू?"

"पाठवा."

फोन ठेवला. चहा गाळला. तेव्हा कुठे लक्षात आलं — मी घरात कोणालाच विचारलं नव्हतं!