टालीचं गेट

नागपूर,
१ डिसेंबर १९८९

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. बाळाची सर्दी उतरली असेल. इथे थंडीने आईचे गुडघे पुन्हा धरले आहेत, पण सकाळी अंगणात उन्हाला बसली की तिला बरं वाटतं. अक्षर वाकडं आलं तर रागावू नकोस. उजव्या मनगटाला थोडं लागलं आहे, विशेष काही नाही.

तुझं पत्र मिळालं. ‘कोणत्या पार्टीच्या नादी लागलीस?’ एवढं विचारलंस आणि खाली सही. आईची साधी चौकशीसुद्धा नाही. मारोतरावांनी तुला काय काय सांगितलं असेल ते मला दिसतंच आहे. आता माझ्याकडून ऐक.

मी कोणत्याच पार्टीची नाही. यंदा हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आणि एकाचाही विश्वास बसला नाही. तुझाही बसू नये याचं मात्र वाईट वाटलं.

उन्हाळ्यात कॉलेजात कळलं, आता अठराव्या वर्षी मत देता येतं. मी आणि तारा (प्रताप नगरची, आपल्याकडे येते ती) मतदारयादीत आमची नावं घालून आलो. मग हॉस्टेलच्या मुलींची घातली. त्याच दिवसांत मला लकडगंजात सखूबाई भेटली. तुला आठवते ना? बाबांचे माग चालू होते तेव्हा आपल्याकडे कांड्या भरायला यायची, तुला कडेवर घेऊन गल्लीभर फिरायची. माग बंद पडले तशी ती लाकडाच्या वखारीत, टालीवर, ओझी वाहायला लागली. टालीच्या भिंतीला टेकूनच तिची झोपडी आहे.

मी सहज विचारलं, “सखूबाई, तुझं नाव आहे ना यादीत?”

“माह्यं नाव कोन टाकते वं? ज्याचं हाय त्याले मुकादम ट्रकात बसवून नेते. सांगते तिथं ठप्पा मारायचा, अन् पुन्हा कामाले लागायचं.”

तिथल्या निम्म्या लोकांची नावंच नव्हती. कचेरीतला कारकून म्हणाला, घराला नंबर नाही म्हणजे घर नाही. आम्ही खेपा घालत राहिलो. शेवटी तारा त्याला म्हणाली, “साहेब, तुम्ही स्वतः चला. चुली पेटलेल्या दिसतात की नाही ते बघा.” आणि तो खरंच आला. सखूबाईने त्याला काळा चहा पाजला, त्याने तिथेच बसून नावं उतरवून घेतली. बाया एकेक पुढे येऊन पूर्ण नाव सांगत होत्या. सखूबाई एवढ्या जोरात बोलली की पलीकडची आरामशीनवाली माणसं बघायला आली.

मत कोणाला द्यायचं, हे आम्ही कधी बोललो नाही. सखूबाई माझ्यावर चिडायची, “एवढी शिकली, अन् सांगत काहून नाई?” मी म्हणायची, “सांगितलं तर मुकादमात अन् माझ्यात फरक काय राहिला?”

मुकादम म्हणजे मारोतराव. दसऱ्याला तू त्यांच्या मनोहरशी माझं साक्षगंध केलंस, तेव्हा हे सगळं त्यांना माहीत होतं. पानसुपारी घेताना हसून म्हणाले होते, “सून पुढारीण दिसते.” मीही हसले होते.

मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत शाळेतल्या मतदान केंद्रावर टालीतलं कोणी आलं नाही. तारा आणि मी बघायला गेलो. गेटला आतून कुलूप. आत ट्रक लागलेला, सगळी माणसं त्यात लाकडी फळ्या चढवत होती. मारोतराव गेटाशी आले.

“कोन्या पार्टीनं धाडलं तुले?”

“कोणत्याच नाही. मामंजी, या लोकांना तासभर सोडा. मत देऊन परत येतील.”

“यंदा ट्रकात नाई बसत म्हनतेत. आपल्या मनानं देतो म्हनतेत. द्या म्हना! पयले माल भरा, मंग द्या.”

माल भरेपर्यंत मतदान संपणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

दादा, मी काही ठरवून गेले नव्हते. पण ट्रक निघायचा तर गेट उघडावंच लागणार, आणि समोर कोणी बसलं तर तो निघणार नाही, एवढं डोक्यात आलं आणि मी गेटासमोर मातीत बसले. तारा शेजारी बसली. रस्त्यावर माणसं जमली. मनोहर किल्ली हातात घेऊन आला, गजांतून हळूच म्हणाला, “चंद्रकला, घरी जा. लोक पाहून राहिले. आपल्या घरची इज्जत हाय का नाई?”

मी म्हटलं, “गेट उघड, मग जाते.”

त्याने बापाकडे बघितलं. किल्ली खिशात घातली.

तेव्हा सखूबाईने डोक्यावरची फळी खाली टाकली आणि तिच्यावरच बसली. “मुकादम, आज आमी भरून नाई राहिलो. तुमीच भरा.” एकेक करून सगळे बसले. मारोतरावांनी गेटातली लहान दिंडी उघडून बाहेर येऊन माझा हात धरला आणि ओढलं. बांगड्या फुटल्या, काच मनगटात गेली. मी उठले नाही. रक्त बघून जमलेली माणसं ओरडायला लागली, तशी मारोतरावांनीच मनोहरकडून किल्ली हिसकावून कुलूप काढलं.

सखूबाई सगळ्यांत पुढे. शाळेतून बाहेर आली तेव्हा पदराने तोंड पुसत मला म्हणाली, “कोनाले देल्लं ते सांगत नाई मी. तुलेबी नाई.” मी तिला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी तिला आणि आणखी काही बायांना कामावरून काढलं. झोपडीही मोडली. हे माझ्यामुळे झालं, ते मी नाकारत नाही. मी तिला तसं म्हटलं तर ती माझ्यावरच खेकसली, “मी बसली तं माह्या मनानं बसली. तू कोन वं?” सध्या ती आपल्याकडे आहे, बाबांच्या मागाच्या खोलीत. लोकांना काय सांगायचं ते आई सांगते आहे, तू काळजी करू नकोस.

आता खरं ते. मारोतराव तुला म्हणाले असतील की अशी निर्लज्ज मुलगी नको म्हणून त्यांनी सोयरीक मोडली. खोटं आहे. मनोहर घरी आला होता. “बाबाची माफी माग, सगळं विसरतीन,” म्हणाला. वाईट मुलगा नाही तो. पण किल्ली त्याच्या हातात होती, दादा. सोयरीक मी मोडली. साक्षगंधाची साडी आईने पेटीतून काढली, रडली, मग स्वतःच नीट घडी घालून त्याच्या हातात दिली.

तू शब्द दिला होतास, तुझी मान खाली गेली, हे मला कळतं. पण शब्द तुझा होता. जन्म माझा जाणार होता.

विधानसभेची निवडणूक आता लांब नाही, आणि तुमच्या खापरखेड्यात वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याकडे ठेकेदाराची जी माणसं राहतात, त्यांची नावं कोणत्याच यादीत नाहीत असं ऐकलं. तू रोज त्यांच्या झोपड्यांवरून सायकलीने जातोस. रविवारी सकाळच्या बसने तारा आणि मी तिकडे येत आहोत. तुझ्या दाराशी आधी येईन. उघडलंस तर वहिनीच्या हातचं जेवीन. नाही उघडलंस तरी संध्याकाळपर्यंत मी तिथेच, त्या झोपड्यांत असेन. येता-जाता दिसेनच तुला.

न उठलेली तुझी बहीण,
चंद्रकला