टेकडीवरही तीच शिट्टी

धाकट्या,

एका सोमवारी सकाळी तू बाहेर पडल्यावर मी खाली उतरून तुझ्या सुतारकामाच्या कारखान्याचा मेन स्विच बंद केला. यंत्रं गप्प झाली, पण जिचं खापर मी त्यांच्यावर फोडत होतो, ती माझ्या कानातली शिट्टी चालूच राहिली. तेव्हाही वाटलं, तू लबाडाने दुसरी मोटर कुठेतरी लपवली असणार.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मोटर नाहीच. पत्रा ठोकण्यात तीस वर्षं गेली, आता बारीक आवाज कानांना टिपता येत नाहीत. ती उणीव भरायला मेंदू स्वतःच, बाहेर नसलेला आवाज ऐकवतो." त्यांचा पत्ता तूच दिलेला, म्हणून त्यांच्यावरही संशय घेतला. शेवटी विजेची तारही न पोचलेल्या टेकडीवर जपाला बसलो. तिथेही तीच शिट्टी. देवासमोर खोटं कुणाला पाडणार?

तुझा कारखाना बंद करा, असा निनावी अर्ज कुणी दिला म्हणून तू शेजाऱ्यांशी भांडतोस. तो मी दिला होता.

आज तो मागे घ्यायला नगरपालिकेत गेलो. कारकून म्हणाला, "निनावी अर्ज मागे कोण घेणार? नाव लिहा." मी लिहिलं, सही केली आणि त्याची नक्कल तुझ्या दाराखालून आत सरकवली. आता हे पत्र द्यायची गरज उरली नाही.

तुझा,
दादा