चावीसाठी दहा किलोमीटर

सोमवार, ५ जानेवारी

साबण पावडरवाल्याने यंदाही डायरी दिली. दरवर्षी ती दुकानात पडून तिच्यावर चहाचे कप ठेवले जातात. या वर्षी मी उचलली. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर नवऱ्यापेक्षा बरं आहे.

कारण असं. सासूबाईंनी आज काउंटरवर जाहीर केलं की गुडघे गेले, महिना संपला की मी दुकानातून उठणार. म्हणजे लॉन्ड्रीची चावी दोघींपैकी एकीकडे. मी, नाहीतर धाकटी जाऊ. ती चावी काउंटरमागच्या खिळ्याला लटकते. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवून आहे. मी मोठी. विषय तिथेच संपायला हवा होता.

पण सासूबाई लगेच एका गिऱ्हाइकाला धाकटीचं मेडल दाखवायला लागल्या. गावाबाहेर जुन्या लढाईचं मैदान आहे, तिथे दरवर्षी दहा किलोमीटरची छोटी मॅरेथॉन असते, त्यात ही पळते. सासूबाई म्हणाल्या, आमची धाकटी हातात घेतलेलं पुरं करते. आणि मग माझ्याकडे बघितलं.

समजायचं ते समजले. चावी मेडलवालीला जाणार. ठीक. मीही पळणार. आणि धाकटीच्या पुढे.

मंगळवार, ६ जानेवारी

लेकीने फोनवरून माझं नाव घातलं. घालताना हसत होती. म्हणाली, आई, तुला कोपऱ्यावर जायचं तरी बाबांना गाडी काढायला लावतेस. मी म्हटलं, अगं, दिवसभर इस्त्रीपाशी उभी असते मी. उभं राहणं म्हणजे निम्मं पळणंच. उरलेलं निम्मं शिकून घेईन.

संकल्प: रोज पाचला उठणे. साखर बंद. धाकटीशी बोलणं बंद, दम वाचेल.

बुधवार, ७ जानेवारी

उठले नाही. नवरा म्हणतो गजर वाजला. मग मला उठवलं का नाही? म्हणे उठवलं, तू उशी फेकून मारलीस. त्याचं नेहमी दुसऱ्यावर ढकलणं असतं.

चहात साखर घेतली. एकदम बंद केली तर शरीर घाबरतं.

शनिवार, १० जानेवारी

आज मैदानावर गेले. सकाळी तिथे शिट्टीमास्तर प्रॅक्टिस घेतात. शाळेत कवायत शिकवायचे, रिटायर झाले, पण शिट्टी काही सुटली नाही. धाकटी पुढे केव्हाच निघून गेली, वेणी हलवत. मी मास्तरांबरोबर तोफांपर्यंत गेले. तिथे मला जोडे चावायला लागले. जोडे नवऱ्याचे आहेत, चावणारच.

तोफेवर बसून मास्तरांकडून लढाईची माहिती घेतली. एक सैन्य निळ्या कोटाचं, एक पिवळ्या. निळे टेकडीवर, पिवळे खंदकात. दिवसभर मारामारी केली आणि संध्याकाळी दोघांनीही आपापल्या राजाला कळवलं की आपण जिंकलो. मी विचारलं, मग खरं कोण जिंकलं? मास्तर म्हणाले, बाई, त्यासाठी तर टेकडीवर खांब उभारलाय, दोन्ही बाजूंनी वेगळं वेगळं लिहिलंय. मला ही पद्धत पटली.

मंगळवार, १३ जानेवारी

लढाईच्या वाढदिवसाची ऑर्डर आली. दरवर्षी त्या दिवशी गावातली माणसं सैनिकांचे कोट घालून खोटी लढाई करतात. सकाळी मॅरेथॉन, मग त्याच मैदानात लढाई. कोट धुऊन, कडक इस्त्री करून द्यायचं काम आमचं. निळ्यांचे गठ्ठे, पिवळ्यांचे गठ्ठे, मागची खोली भरली. कोटांना चिखल, काखेत घाम, एकाच्या खिशात अर्धं सँडविच.

सासूबाई म्हणाल्या, मोठे, यंदा ही ऑर्डर पहिल्यापासून शेवटपर्यंत तू एकटीने बघायची. मी मध्ये विचारणार नाही. धाकटीलाही बजावलं, तू हात लावायचा नाहीस.

बघा डाव! मला कोटांत गाडून टाकायचं आणि धाकटीला पळायला मोकळं सोडायचं. इतकी वर्षं या घरात आहे, मला का कळत नाही?

रविवार, १८ जानेवारी

खंदकापर्यंत पळाले. खरं म्हणजे पळत निघाले. उरलेलं अंतर जोरात चालणं झालं. मास्तर म्हणाले चालणं वेगळं आणि पळणं वेगळं. मी म्हटलं, तुम्ही शिट्टी वाजवा.

धाकटी दोन चकरा मारून आली, तेव्हा मी चुन्याच्या रेघेवर बसले होते. म्हणाली, ताई, पाणी घ्या. पाणी घेतलं. बोलले नाही.

घरी आल्यावर पाय आखडले. कोटांना हात लावला नाही. वेळ आहे.

गुरुवार, २२ जानेवारी

कोट धुतले. सगळे एकाच मशीनमध्ये नाहीत, एवढी मी वेडी नाही. निळे आधी, मग पिवळे. वाळायला टाकले. बटणं निघालेली बाजूला ठेवली. आता इस्त्री राहिली, ती काय, हातचा मळ.

धाकटी विचारत होती, ताई, निळ्यांच्या कॉलरला खळ लावली का? मी म्हटलं, तुला हात लावू नको सांगितलंय ना. मग तोंडही लावू नकोस.  सासूबाई चष्म्यावरून बघत होत्या. मी कशी ठणकावते ते बघून बरं वाटलं असणार.

शनिवार, २४ जानेवारी

आज अख्खी चक्कर. मास्तरांच्या स्कूटरवरून. रस्ता डोक्यात बसायला हवा. मास्तर म्हणाले, रस्ता पायात बसावा लागतो. ते चिडचिडे झालेत.

बुधवार, २८ जानेवारी

थोडी कणकण. नवरा म्हणतो आळस. कोट दोरीवरून काढून गठ्ठे बांधले. ढीग माझ्या खांद्याएवढा झाला. उद्यापासून इस्त्रीला बसते. आज पायांना आराम देणं महत्त्वाचं, असं मास्तर म्हणाले होते. पळणाऱ्यांना म्हणाले होते, पण मीही पळणारीच.

शनिवार, ३१ जानेवारी, दुपार

नंबर आणला. पिवळी बंडी आणि कागदावर छापलेला नंबर, पिशवीत कोंबून दिलेला, चुरगळून बोळा. लोकांना लाज नाही. आमचं लॉन्ड्रीचं घर. मी चुरगळलेल्या नंबरने सगळ्या गावासमोर जाऊ?

कागदामागे एक काळी पट्टी चिकटवलेली होती. कपड्याला चिकटलेलं काही असलं तर आधी काढायचं, मगच इस्त्री फिरवायची. हा सासूबाईंनी मला शिकवलेला पहिला धडा. नखाने सोडवली, उरलेला गोंद स्पिरिटने पुसला, वर सुती फडकं टाकून बेताची इस्त्री फिरवली. असा सरळ झाला की आरशात बघून भांग पाडावा. धाकटीचा तसाच पिशवीत. तिला असलं सुचत नाही.

संध्याकाळ

कोटांना सुरुवात केली. निळे थोडे झाले. मग पाठ भरून आली. उद्या माझा दिवस, आज पाठ मोडून कसं चालेल? नवऱ्याला सांगितलं, उरलेले तू कर, आणि पहाटे सगळे कोट मैदानावर पोचवून दे. हं म्हणाला. पेपर तोंडावर घेऊन पडला होता, पण हं म्हणाला. मी स्पष्ट ऐकलं.

लवकर झोपते. जिंकणारी माणसं लवकर झोपतात.

रविवार, १ फेब्रुवारी

सविस्तर लिहिते, कारण हा दिवस पुन्हा यायचा नाही.

उठले. स्वतःहून. नवरा घोरत होता, म्हणजे काम उरकून झोपला असणार. लेक सोडायला आली. धुकं होतं. सगळ्यांच्या पिवळ्या बंड्या, धाकटी कुठे दिसेना. म्हटलं पुढच्या रांगेत घुसली असेल. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही निघालो.

पहिल्याच वळणावर सगळे माझ्या पुढे गेले. मी मुद्दामच जाऊ दिले. खंदकापाशी मात्र एक वेणी दिसली. तीच हलणारी, काळी, जाड. रक्त उसळलं. दात आवळले, आणि ती बुटाची नाडी बांधायला वाकली तेव्हा तिच्या बाजूने सुसाट पुढे गेले. वळून बघितलं नाही. जिंकणाऱ्याने वळून बघू नये, मान लचकते.

मग तोफांपाशी सैनिक दिसले. लढाईची वेळ व्हायची होती, सगळे बनियनवर उभे. एकाने खाली चड्डी आणि डोक्यावर पिसांची टोपी घातलेली. मनात आलं, यांच्यात काही शिस्त उरली नाही. इतक्यात एकाने मला ओळखलं. ओरडला, लॉन्ड्रीवाली! लॉन्ड्रीवाली आली! मग सगळेच ओरडायला लागले, हात हलवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात कुणी माझ्यासाठी असं ओरडलं नव्हतं. मीही हात हलवला. निळ्यांचा सेनापती, तो बँकेतला जाडा, चक्क माझ्यामागे पळत आला. अहो बाई, अहो बाई, थांबा, करत होता. मी कसली थांबते! एवढ्या जोरात मी जन्मात पळाले नव्हते. टेकडीच्या चढावर तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. म्हणजे एका सेनापतीलाही मी हरवलं.

खांबापाशी पोचले. दोन्ही बाजूंना दोघे जिंकल्याचं लिहिलंय. धुक्यात खालचं काही दिसलं नाही. उतार बसून उतरले.

शेवटच्या रेघेवर पोचले तेव्हा मांडव उतरवत होते. लेक टाळ्या वाजवत होती, एकटी. मास्तरांनी गळ्यात मेडल घातलं. म्हणाले, बाई, वाटलं नव्हतं. मी विचारलं, धाकटी आली का? म्हणाले, दिसली नाही बुवा. बघा! अजून मागेच!

टेबलावरच्या मुलीने मशीनमध्ये माझा नंबर बघितला. म्हणाली, काकू, तुम्ही पळालाच नाहीत. मी म्हटलं, माझे पाय बघ आणि पुन्हा बोल. म्हणे नंबरामागे काळी चिप असते, तिच्यावरून मशीनला कळतं. तुमची कुठेय? मी म्हटलं, घाण होती, काढली. ती पोरगी माझ्याकडे आणि कडक नंबराकडे बघत राहिली. असू दे. मशीनला काय कळतंय? मेडल गळ्यात आहे.

दुपार

मेडल घालूनच दुकानात गेले. घाई नव्हती. मान ताठ.

मागच्या खोलीत वाफच वाफ. धाकटी इस्त्रीपाशी, वेणीचा अंबाडा बांधलेला, हाताला फोड. शेवटच्या पिवळ्या कोटाचं बटण लावत होती. सासूबाई खुर्चीत बसून घड्या घालत होत्या. नवरा गाडीत गठ्ठे भरत होता, माझ्याकडे न बघता. सकाळपासून तिघं हेच करत होते. लढाई आज उशिरा सुरू झाली म्हणे, आधी निळे कोट पोचले म्हणून थोडा वेळ निळे एकटेच लढत होते.

मी नवऱ्याला म्हटलं, तू हं म्हणाला होतास. तो म्हणाला, मी झोपेत बायकोला नाही म्हणत नाही.

धाकटीचे पळायचे जोडे कोपऱ्यात खोक्यातच. नंबर पिशवीत, चुरगळलेला. ती पळालीच नाही. मग खंदकापाशी मी मागे टाकली ती कोण? कोण का असेना, टाकली हे खरं.

सासूबाईंनी हातातल्या कोटाची घडी पुरी केली. मग म्हणाल्या, मेडल छान आहे. उठल्या, गुडघ्यांवर हात देत खिळ्यापाशी गेल्या आणि चावी काढून धाकटीच्या हातात ठेवली. मला वाटलं काही बोलतील. बोलणं परवडलं असतं.

धाकटी चावी धरून उभी राहिली. मग मला विचारलं, ताई, यंदा टेकडीवरून खालचं दिसलं का हो? सूर्य उगवताना फार छान दिसतं. दरवर्षी मी तिथे जरा थांबते.

मी म्हटलं, धुकं होतं.

सोमवार, २ फेब्रुवारी

पाय उचलत नाहीत. जिना बसून उतरले, कालच्या टेकडीसारखा.

चावीचं मी मनावर घेतलेलं नाही. रोज सातला उघडा, रोज कुलूप लावा, कोण करतं? मला मोकळं राहायचं होतंच. पुढच्या वर्षीसाठी तयारी करता येईल.

मेडलची फीत झोपेत चुरगळली. शेजारीण बघायला येणार होती, अशी कशी दाखवणार? इस्त्री दुकानात. दुकान दुपारचं बंद. धाकटीकडे चावी मागावी लागली. कमरेची सोडून दिली लगेच. म्हणाली, ताई, नायलॉनची आहे, इस्त्री मंद ठेवा.

मंद! मला सांगते! ही शाळेत जात होती तेव्हापासून माझ्या हातात इस्त्री आहे.

फीत गेली. इस्त्रीला चिकटलेली खरवडून काढली. मेडल सांभाळून ठेवलंय, पितळेचं आहे, त्याला काही होत नाही. रिकाम्या खिळ्याला लावायला गेले, पण फितीशिवाय ते लटकत नाही.

कुलूप लावलं. चावी नेऊन दिली.