साक्ष आणि अंड्याचे सँडविच

५ जुलै २००४, सोमवार. मलिंगार, आयर्लंड

इथे सगळे आधीच ख्रिस्ती आहेत! म्हणजे माहीत होतं, पण इतकं नव्हतं माहीत. गावाच्या मधोमध दोन मनोऱ्यांचं अवाढव्य कॅथेड्रल, आणि आम्ही तिघं नगरहून यांना प्रभूची ओळख करून द्यायला आलेलो. हरीश म्हणाला, "नावाचं ख्रिस्तीपण वेगळं आणि जिवंत विश्वास वेगळा." हरीश आमचा लीडर. कायम टाय. इथल्या जुलैत खरं तर मफलर लागतो. शमुवेलने ढोलकी विमानात मांडीवर घेऊन आणली. एअरपोर्टवरच्या साहेबाने संशयाने एक थाप मारून बघितली, मग शमुवेलने नीट वाजवून दाखवली, मग मागची रांगच थांबली ऐकायला.

राहायला नुआलाबाईंकडे. सत्तरीच्या, विधवा. आम्हाला बोलावलं ती इथली छोटीशी मंडळी, म्हणजे चर्च, वेगळी; या पक्क्या कॅथलिक. पण रिकाम्या खोल्या यांच्याकडेच! आल्या आल्या चहा. नको म्हटलं. अगं घे. नको, खरंच नको. घेच! मग घेतला. अगदी आपल्यासारखंच की! घरी आल्यासारखं वाटलं, आणि घर आठवलं म्हणून लगेच चहा पिऊन वर निघून आले.

७ जुलै

आज सभेत साक्ष दिली, म्हणजे प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगितलं. नेहमीचीच. "फेब्रुवारीत माझी आई वारली. पण मी रडले नाही. प्रभूने मला शांती दिली."

मूठमाती द्यायच्या आधीच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी बजावलं होतं — रडायचं नाही, आई गौरवात गेली, लोक आपला विश्वास पाहतायत. नाही रडले. पुढच्या रविवारी त्यांनी मला पुढे उभं केलं. "पाहा या मुलीचा विश्वास! डोळ्यात टिपूस नाही!" मग तरुण संघात. मग श्रीरामपूरला. मग संगमनेरला. त्या साक्षीवरच माझी या दौऱ्यासाठी निवड झाली.

इथे इंग्रजीत दिली तर हालेलुया कुणीच म्हणेना. पुढच्या रांगेतली एक बाई उठली, माझा हात धरला आणि मला सरळ चहाच्या टेबलाकडे घेऊन गेली. साक्ष अर्धीच राहिली. हरीश वैतागला.

खरं सांगू का — वहीलाच सांगते. मला रडू येतच नाही. आधी अडवलं होतं, आता बोलावलं तरी येत नाही. ही शांती असेल तर इतकी जड का लागते? आईचा चेहरा आठवायला बसले की साक्षीतली वाक्यंच आठवतात. आई पुसट होत चाललीय आणि साक्ष पाठ झालीय. भीती वाटते.

९ जुलै

दारोदार फिरलो. हरीशचा प्रश्न ठरलेला: "आज तुम्हाला मरण आलं तर तुम्ही कुठे जाल?"

एका म्हाताऱ्या बाबांनी दारातच नीट विचार केला. म्हणाले, "आमच्या थडग्यात, माझ्या भावाशेजारी. तो फार बोलतो. म्हणून तर मरत नाहीये." आणि असे हसले की दाराला धरून उभं राहावं लागलं. हरीशने घाईघाईने त्यांच्या हातात पत्रक दिलं.

मग एका घरी बेल वाजवली. हरीशने इंग्रजीत सुरुवात केली आणि आतून हाक — "कोण आहे रे, अद्वय?" दारातलं पोरगं ओरडलं, "मॅम, युअर मॅन हॅज अ टाय ऑन!" इथे आईला मॅम आणि कुठल्याही बुवाला युअर मॅन म्हणतात. बाहेर आल्या त्या वृंदाताई, पुण्याच्या! यजमान इथे डॉक्टर. "नगरचे? अय्या, आत या!" पोहे खाल्ले. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं. आई काय करते, त्यांनी मला विचारलं. शमुवेल म्हणाला, "तिची आई गेली फेब्रुवारीत." साक्ष द्यायला मी तोंड उघडलं, तर त्या "अगं..." म्हणाल्या आणि बशीत आणखी पोहे घातले. पत्रक द्यायचं राहूनच गेलं. पोह्यांवर पत्रक बरं दिसलं नसतं, असं खुद्द हरीश म्हणाला.

१३ जुलै

आजचं लिहायलाच हवं!

एका घराचं दार सताड उघडं. बाहेर गाड्याच गाड्या, माणसं रांगेने आत चाललेली. हरीशचे डोळे चमकले. "घरगुती प्रार्थनासभा!" आपल्याकडे बुधवारी अशीच गर्दी असते ना कुणाच्या तरी घरी. आम्ही रांगेत. ढोलकीसकट. आत एका बाईंनी हात पुढे केला. हरीशने तो जोरात हलवून म्हटलं, "प्रेज द लॉर्ड!" त्या म्हणाल्या, थँक यू. शेजारच्या माणसालाही — प्रेज द लॉर्ड! तोही थँक यू. मग रांग वळली आणि समोर उघडी शवपेटी. आत सूट घालून, हातात जपमाळ गुंडाळलेले — त्या दिवशी दारात हसलेले बाबा!

हरीश पांढराफटक. पळायला जागा नाही, मागे सगळं गाव उभं. तेवढ्यात त्या बाई वळल्या. बाबांची मुलगी. "थांबा! तुम्हीच ना ते? टायवाले?" मेलो, म्हटलं. तर त्यांनी हरीशला घट्ट मिठीच मारली. डॅड शेवटपर्यंत प्रत्येकाला तेच सांगून हसत होते म्हणे. मग आम्हाला मानाच्या खुर्च्या. चहा. अंड्याचे सँडविच. ढोलकी दिसल्यावर गाण्याची फर्माईश. मराठी भजन गायलो, शमुवेलने असा काही ठेका धरला की खोलीतले बूट हलायला लागले. पेटीशेजारी!

आणि ते लोक बाबांच्या गोष्टी सांगत होते. शेळी गाडीत घालून डॉक्टरकडे नेली ती, असल्या. पोट धरधरून हसत होते, मध्येच मुलगी रडत होती, कुणी तिला गप्प करत नव्हतं, मग ती पुन्हा हसत होती. मी बघतच बसले. सँडविच हातात तसंच.

१४ जुलै

सकाळी फोन. दुसऱ्या एका घरी आजी गेल्यात, ते ढोलकीवाले येतील का?

१७ जुलै

मौतीच्या घरांतूनच फिरतोय. आता रांगेत काय म्हणायचं तेही शिकलो. हात हातात घ्यायचा आणि "सॉरी फॉर युअर ट्रबल." बस्स. हरीशच्या तोंडात तरी पहिल्यांदा "प्रेज" येतंच. नगरहून पाळकसाहेबांचा फोन आला, काम कसं चाललंय? हरीश म्हणाला, "साहेब, सगळी दारं उघडी आहेत." खोटं कुठे बोलला?

दुपारी नुआलाबाईंनी विचारलं, "तुझ्या आईच्या वेळी असेच आले का गं लोक? गोष्टी सांगितल्या?" म्हटलं, नाही. लगेच उरकलं. रडायचं नव्हतं. नंतर मी साक्ष द्यायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

"मग ते अजून व्हायचंच आहे."

उठल्या, भिंतीतलं कपाट उघडलं — याला त्या प्रेस म्हणतात — आणि ठेवणीतले कप काढून धुवायला लागल्या.

२० जुलै

जिला इथे कुणी पाहिलेलं नाही, जिला नगरला माती देऊन पाच महिने झाले, तिच्यासाठी आज मलिंगारमध्ये दार सताड उघडलं! पेटी नाही, काही नाही. खुर्चीवर आईचा पासपोर्ट साइजचा फोटो, माझ्या बायबलमधला. नुआलाबाईंनी भिंतीवरचं घड्याळ बंद केलं, आरशावर चादर टाकली; मौतीच्या घरात इथे तसंच करतात. हरीश कुजबुजला, "हे आपल्यात बसत नाही." बाईंनी सँडविचचा ट्रे त्याच्या हातात दिला. "टाय घातलाच आहेस, तर वाढ." वाढायला लागला बिचारा.

आणि लोक आले. खरोखर आले! बाबांची मुलगी, त्या आजींच्या घरचे, चहाकडे नेणारी बाई, वृंदाताई आणि त्यांचे डॉक्टर. एकेक जण त्या एवढ्याशा फोटोसमोर वाकून बघे. "देखण्या होत्या हं." मग माझा हात. सॉरी फॉर युअर ट्रबल. सॉरी फॉर युअर ट्रबल. मी दगड. थँक यू, थँक यू.

मग सगळे बसले. गोष्ट सांगणार कोण? आईला ओळखतंय कोण? सगळे कप धरून माझ्याकडे बघतायत. माझ्या तोंडात साक्षच आली — फेब्रुवारीत माझी आई...

वृंदाताई हळूच मराठीत म्हणाल्या, "ते नको गं. कशी होती, ते सांग."

कशी होती? आई उपदेशात झोपायची! बायबल उघडं, चेहरा भक्तिभावाचा, कुणाला पत्ता लागायचा नाही. एकदा शेजारच्या मावशीने कोपर मारलं. आईला वाटलं, उभं राहून घ्यायचा तो शेवटचा आशीर्वाद आला. ताडकन उभी! ती पहिल्या रांगेत, म्हणून मागच्या बायका उभ्या, मग पुरुष, मग अख्खी मंडळी! पाळकसाहेबांचा उपदेश निम्माच झालेला. काय करतात, देऊन टाकला आशीर्वाद. घरी येताना आई म्हणाली, "चला, आज सगळ्यांचं मटण वेळेवर शिजेल."

काय हसले सगळे! डॉक्टरांना ठसका लागला. हरीशच्या ट्रेमधले सँडविच घसरले. मीही हसले, आणि आईचा तो आवाज, ते "चला", इतकं स्पष्ट ऐकू आलं की हसता हसता माझा सूर फाटला. रडले. नाक, हुंदके, सगळं. इतकी वाईट रडले की कुत्रं आत येऊन बघून गेलं. रडू नको असं कुणीही म्हणालं नाही. नुआलाबाईंनी फक्त माझ्या हातातला कप काढून घेतला. आई, आई गं, कितीदा म्हटलं कोण जाणे.

नंतर भूक लागली. सँडविच चांगले होते.

२३ जुलै

पाळकसाहेबांचा फोन. आल्यावर रविवारी मोठी सभा आहे, तुझी ती साक्ष ठेवलीय.

"ती नाही देता येणार, साहेब."

"का? विश्वास ढळला की काय?"

"नाही. रडू आलं."