हिस्ट्रीचा लहान एच

४ ऑगस्ट
आठवीच्या इंग्रजी चाचणीची माझी उत्तरसूची मुख्याध्यापक साहेबांनी 'दुरुस्त' केली! 'आय लाइक हिस्ट्री अँड इंग्लिश.' यात इंग्लिशचा ई मोठा, हिस्ट्रीचा एच लहान. साहेबांनी एच मोठा करून खाली सही ठोकली. स्वतः इतिहास शिकवतात ना.
"मॅडम, तुमचा विषय मोठा अन् आमचा बारका?"
भाषेचं नाव आहे म्हणून मोठं, सांगितलं. दोनदा. अख्खी स्टाफरूम दात काढून राह्यली होती. गाढवं.

५ ऑगस्ट
फर्मान आलं. लहान एच लिहिणाऱ्यांचा मार्क कापा. म्हणजे बरोबर लिहिणाऱ्यांचा. तशी वर्गात एकच, शीतल. एका मार्कानं तिचा पहिला नंबर जातो, आणि तालुक्याच्या इंग्रजी स्पर्धेला पहिल्या नंबरालाच पाठवतात.
कापला. मीच. दिवाळीत माझी तीन वर्षं भरतात, कायम होण्याच्या कागदावर सही साहेबांची लागते. थू.

७ ऑगस्ट
पेपर वाटले. शीतल टेबलापाशी आली. शहागडहून काळीपिवळीत दाटीवाटीनं येते पोरगी, पण वहीवर कधी डाग न्हाई.
"मॅडम, तुम्ही शिकवलेलं चूक व्हतं का?"
"नाही."
"मंग मार्क कामून गेला?"
जागेवर बस म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

८ ऑगस्ट
साहेबांना आदर्श पुरस्कार हवाय. इंग्रजी अर्ज तपासायला माझ्याकडंच. 'आय ॲम अ हेडमास्टर', एच मोठा, वर ठळक. नावाआधी पद आलं तर मोठं अक्षर, नुसतं काम सांगायचं तर लहान, म्हटलं.
"मंग मी काय कुणी बी आहे का?"
टीचर मात्र पानभर लहान. तिथं नियम बराबर पाळलाय! आणि या माणसाच्या सहीसाठी मी...

९ ऑगस्ट
साहेब अर्ज घेऊन जालन्याला. सोमवारी येणार. स्पर्धेची नावं द्यायचा आज शेवटचा दिवस. गुणपत्रकात शीतलचा मार्क परत दिला, बाजूला माझी सही. फॉर्मवर तिचं नाव घातलं, विषयशिक्षक म्हणून पुन्हा माझीच सही. फॉर्म तालुक्याला गेलासुद्धा.
मग वर्गात सांगितलं. "शीतलचं बरोबर होतं. मार्क मी कापला. भिऊन."
"मंग पैला नंबर माझा, मॅडम?"
हो म्हटलं. सोमवारचं माहीत न्हाई.