थंडीत इकडची, उन्हाळ्यात तिकडची

३० मार्च, सोमवार
पाटा गुळगुळीत झालेला, टाकी मारून आणला. फूलवतीचा हात चांगला. कोपऱ्यात न सांगता मोर काढून दिलान. सूनबाई म्हणते मिक्सर असताना पाटा कशाला. मिक्सर डाळीचं पीठ करतो, आणि हळदीकुंकवाची आंबेडाळ भरडच पाहिजे. असो.
फूलवती आमच्या रस्त्याच्या कडेला सिलबट्टे, म्हणजे आपले पाटे-वरवंटे, विकते. घर नाही. ती, नवरा, आठ वर्षांची रोशनी आणि कडेवरचा एक. थंडीत दवाखान्याच्या भिंतीशी, उन्हाच्या बाजूला. होळी झाली की समोर कडुनिंबाखाली. मीपण उन्हाळ्यात खाट मागच्या खोलीत नेते.

१ एप्रिल, बुधवार
शाळा सुरू झाल्या, इकडे एप्रिलातच होतात. सईची नोकरीच ती, रस्त्यावरच्या पोरांना शाळेत घालायची. माझी नात, पण या हिंदी मुलखात वाढली, घरी अर्धं हिंदीच बोलते. आज रोशनीला घेऊन गेली. दोन तासांनी दोघी परत, तोंडं उतरलेली.
झालं असं. रस्त्याच्या मधोमध वॉर्डाची हद्द. भिंतीच्या बाजूची शाळा म्हणे, आता तुम्ही कडुनिंबाखाली, पलीकडच्या शाळेत जा. पलीकडची म्हणे, थंडीत तुम्ही तिकडेच जाल, तिकडेच नाव घाला. म्हणजे सावलीनं घोळ केला!
मला हसू आलं. सई चिडली, "आजी, हसायची बात नाहीये." कायद्यात म्हणे घर नसलं, कागद नसला तरी पोराला परत पाठवता येत नाही. पण दोन्ही शाळांच्या बाई म्हणतात आम्ही कुठं परत पाठवलं, दुसरीकडे पाठवलं.
कैऱ्या आणल्या. आंबट आहेत, छान.

४ एप्रिल, शनि.
सईनं वर अर्ज दिला. कोणीतरी त्यांची राहायची जागा बघायला येणार. कधी, ते कोणी सांगत नाही.
फूलवतीकडे उभी होते. म्हणाली, "अम्मा, महीना भर देखेंगे. नईं तो मौसी ले जैहै." मौसी म्हणजे रोशनीची मावशी, बरुआसागरला असते, आल्याच्या शेतात कामाला जाते. तिची तीन लहान पोरं आहेत, ती सांभाळायला रोशनी. एकदा गेली की परत कोण आणतं.
रोशनी तिथंच बसून खडूनं बट्ट्यावर रेघा ओढत होती. पुसायच्या आणि परत ओढायच्या. मी दुसरीपर्यंत शिकले, मला बाराखडी येते. तिला सांगितलं ये म्हणून. आली नाही, लाजते.

८ एप्रिल, बुध.
शुक्रवारी ह. कुं. आहे. बोलावणी करायला निघाले. पूर्वी मराठी घरं इतकी होती की पाय दुखायचे. आता बहुतेक पुण्याला गेली, नाहीतर वर गेली. मग मनात आलं, दोन्ही शाळांच्या बाईंनाच बोलवावं. सवाष्णी आहेत, बास.
भिंतीकडच्या बाई गोऱ्या, चष्मेवाल्या. "जी, माताजी, ज़रूर." पलीकडच्या बाई जाड, आवाज मोठा. "खाने में क्या है, अम्मा?" मला आवडल्या.
फूलवतीलाही केलं. दाराशी जाऊन कुंकू लावायचं आपल्यात. दार कुठलं? चुलीच्या तीन विटा होत्या, त्यांच्याजवळ उभी राहिले. तिनं चटकन पोतं झटकून अंथरलं, पाणी दिलं. गेले, बसले, पाणी प्यायले. जसं सगळ्यांकडे.
सईला सांगितलं तर डोक्याला हात. "तिघींना? एक साथ? आजी, तू भी ना!"

१० एप्रिल, शुक्रवार
आज काय सांगू! चैत्रगौरीपुढे पन्हं, डाळ, कलिंगडाची कमळं. इतक्या बायका घरात कैक वर्षांत नव्हत्या. फूलवती दारातच खाली बसत होती, तिला ओढून चटईवर दोघी बाईंच्या मधे बसवली. जागा तिथंच होती.
जाड बाईंनी सहज विचारलं, "कहाँ रहती हो?" "इतईं, नीम के नैचें."
चष्मेवाल्या लगेच, "देखिए, आपकी तरफ़."
"और जाड़ों में? आपकी दीवार से चिपकी रहती है कि नहीं?"
लागली की जुंपायला! हातात डाळीची वाटी, आणि वॉर्ड, हद्द, सर्वे. फूलवती मधे मान खाली घालून, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. मी ओल्या हरभऱ्यांनी तिची ओटी भरत होते. मी म्हटलं, थंडीपर्यंत एकीनं शिकवा, मग दुसरीनं. कोणी हसलं नाही.
तेव्हा सई बोलली. "मैडम, झगड़ा आप दोनों का है. फ़ैसला जब होगा तब होगा. तब तक लड़की कहीं बैठ तो सकती है?"
जाड बाईंनी वाटीतली डाळ संपवली.
मग म्हणाल्या, "बैठा दो मेरे यहाँ. नाम नहीं चढ़ाऊँगी. ऊपर से लिखा आए तब." चष्मेवाल्या पन्हं पीत राहिल्या. जाड बाईंनी डाळ दुसऱ्यांदा मागून घेतली, पाट्यावरचीच ना, म्हणाल्या. मी सूनबाईकडे बघितलं!

१३ एप्रिल, सोम.
रोशनी गेली शाळेत. जेवण मिळतं, पुस्तक मिळत नाही, पटावर नाव नाही म्हणून. शेजारणीच्या पुस्तकात बघते. हजेरी घेताना तिचं नाव येत नाही, तरी "हाज़िर" म्हणते म्हणे. पोरं हसतात. बाई म्हणाल्या, कहने दो.

१६ एप्रिल, गुरु.
जागा बघणारा आला नाही. सईनं फोन केला. "इस हफ़्ते." मागच्या आठवड्यातपण तेच.
दुपारी मौसी आली बरुआसागरहून रोशनीला न्यायला, महिना न संपताच. कमरेला पोर. फूलवतीनं मला हाक मारली, म्हणून गेले. मौसी म्हणे, "नाम तौ चढ़ो नईंयाँ. फिर काए की पढ़ाई?" फूलवती टाकी मारत राहिली, वर बघितलं नाही. म्हणाली, "अबै तौ स्कूल गई है."
"कब आहै?"
"छुट्टी भए." म्हणजे शाळा सुटल्यावर.
मौसी कडुनिंबाखाली बसली. शेवटची बस संध्याकाळी. मी पन्हं पाठवलं, प्यायली. खिडकीतून दिसते. पोराला मांडीवर घेतलंय, शाळेच्या बाजूला तोंड करून बसलीय.