सुशीलाचं लिंबू

रविवार, दिवेलागण. अहेरी

ते लिंबू डोळ्यांपुढून हलत नाही. जादूची शाळा मी काढली ती लोकांची करणी-जादूटोण्याची भीती जावी म्हणून. पहिलाच नियम होता, खेळ झाला की युक्ती तिथंच उघडी करायची. तो मीच मोडला. सुशीला, माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी, नवरा वारल्यापासून एकटी. परवा तिच्या गावात तिचा पहिला खेळ होता. मी म्हणालो, "युक्ती उद्या सांग बाई, एक दिवस लोकाले नवल वाटू दे." कशाला बोललो? तिनं लिंबू कापलं, आतून लाल पाणी आलं. काल सकाळी, ती युक्ती सांगायच्या आधीच, जावेनं आपलं लेकरू तिच्या मांडीवरून उचलून नेलं.

आज मीच गेलो. तिच्याच अंगणात तसंच लिंबू कापलं, सुरीला लावलेलं, लिंबाच्या रसानं लाल होणारं औषध सगळ्यांना दाखवलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. वाटलं, मिटलं. तर जाऊ म्हणाली, "तुमचा तं खेळ हाय भाऊ. तिचं खरं हाय."

मी सुरी सुशीलाच्या हातात दिली. म्हटलं, तूच दाखव.

तिनं लिंबू उचललं, आणि अंगण रिकामं झालं.